भिंतीतली सरळ रेघ

आपल्याकडे स्वयंपाकघराचा डॅडो करायचा म्हटलं की मिस्त्री येतो, भिंत बघतो, "साहेब, वायरमनला पण बोलावून घेतो" म्हणतो आणि दोघं मिळून काय ते ठरवतात. कुठला बोर्ड पुढे घ्यायचा, कुठला बंद करायचा, पाइप कुठून गेलाय, हे सगळं त्या दोघांच्या डोक्यात असतं. आपण फक्त चहा करायचा आणि टाईलचा रंग सांगायचा.

इथे इंग्लंडात टाईलवाला वेगळा आणि इलेक्ट्रिशियन वेगळा. दोघांच्या वेळा वेगळ्या आणि दरही वेगळे. टाईलवाला म्हणतो, सॉकेटला मी हात लावणार नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, टाईल हे माझं काम नाही. त्यामुळे दोघांच्या हद्दीवर एक छोटा पट्टा बेवारशी राहतो, तो म्हणजे सॉकेटच्या प्लेटभोवतालची जागा. टाईलची जाडी साधारण ८ मिलिमीटर, खालचा चिकटवणारा थर ३-४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम १२ मिलिमीटरची ही जहागीर. ती शेवटी घरमालकाच्या वाट्याला येते. आमच्या घरी ती माझ्या वाट्याला आली आहे आणि गेले तीन आठवडे मी तिचा कारभार बघतो आहे. अजून एकही टाईल लागलेली नाही. बायको म्हणते, एवढ्यात ताजमहालाचा पाया भरून झाला असता.

पण मंडळी, या कामात लावण्यापेक्षा लावायच्या आधीचंच काम मोठं आहे. ते का, तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट, टाईल सॉकेटच्या कडेपर्यंत आणून थांबवायची नसते. प्लेट सैल करून पुढे ओढायची, टाईल तिच्या मागे सरकवायची आणि मग प्लेट टाईलवर परत घट्ट बसवायची. म्हणजे कापलेली ओबडधोबड कड प्लेटखाली झाकली जाते. इथलं जोड सॉकेट १४६ बाय ८६ मिलिमीटरचं असतं आणि मागची लोखंडी पेटी त्याहून थोडी लहान. चारी बाजूंनी प्लेट पेटीच्या बाहेर येते ती फक्त सहा-सात मिलिमीटर. कापण्यातली सगळी चूकभूल या सहा-सात मिलिमीटरांत बसवायची. शिवाय भिंत १२ मिलिमीटरने पुढे आली की जुने स्क्रू पेटीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्याच साडेतीन मिलिमीटर जाडीचे पण जास्त लांबीचे स्क्रू आधीच आणून ठेवायचे.

बायकोला त्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत असतात तशा विटेच्या आकाराच्या टाईल हव्या होत्या. २०० बाय १००, पांढऱ्या. त्यांना इथे मेट्रो टाईल म्हणतात. त्यात दोन प्रकार मिळतात, कडा उतरत्या घासलेल्या आणि सपाट. उतरत्या कडांच्या दिसतात छान, पण त्यांच्या सांध्यावर सॉकेटची प्लेट आली की ती सपाट बसत नाही आणि मागे फट राहते. फोडणीच्या ओट्यापाशी फट म्हणजे तेलाला आणि पाण्याला आमंत्रणच. म्हणून सपाट टाईल घेतल्या.

मग आखणी. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत ४५० मिलिमीटर उंची. १०० ची टाईल आणि ३ चा सांधा धरला तर चार पूर्ण ओळी बसतात आणि साधारण ३५ मिलिमीटरची एक पट्टी उरते. ही पट्टी वर घ्यायची की खाली? आमची सॉकेट ओट्यापासून १५० मिलिमीटरवर सुरू होतात. पट्टी खाली घेतली तर सॉकेटची पेटी बरोबर तिसऱ्या ओळीच्या पोटात येते, वर-खाली १५-१५ मिलिमीटरच्या काड्या उरतात आणि अशा काड्या कापताना टिकत नाहीत. पट्टी वर, कपाटाच्या सावलीत नेली तर पेटी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या सांध्यावर येते. मग दोन्ही ओळींतून थोडा थोडा भाग कापायचा, उरलेला तुकडा दणकट राहतो.

आडव्या दिशेलाही तसंच. टाईलचा उभा सांधा सॉकेटच्या बरोबर मध्यावर घेतला तर एका ओळीत दोन टाईल कोपऱ्यात कापाव्या लागतात, पण विटेसारखी अर्ध्याने सरकवलेली रचना असल्यामुळे पुढच्या ओळीतली टाईल मधोमध खाचली जाते. दोन्ही बाजूंना ३४ मिलिमीटरचे पाय राहतात आणि हमखास त्यातला एक मोडतो. सगळी ओळ पाव टाईल, म्हणजे ५० मिलिमीटर, बाजूला सरकवली की प्रत्येक काप कोपऱ्यातला होतो. मोडायला पाय उरतच नाही. हे मी एक्सेलच्या चौकटीत रंग भरून काढलं. गावाकडचा मिस्त्री हेच एका पट्टीवर पेन्सिलीने खुणा करून पाच मिनिटांत काढतो आणि इथले लोकही लाकडाच्या पट्टीवर तशाच खुणा करतात. पण इंजिनियरला पगार एक्सेलचा मिळतो, त्याला इलाज नाही.

आता भिंत. आपल्याकडे भिंतीला सिमेंटचा गिलावा असतो, त्यावर टाईल सुखाने बसते. इथे घराच्या आतल्या गिलाव्यात जिप्सम असतं. त्याला वजनाची मर्यादा आहे. टाईल, चिकटवणारा थर आणि सांध्याचा माल मिळून चौरस मीटरला २० किलो. टाईलची पेटी घेताना वजन बघायचं ते यासाठी. जिप्सम आणि सिमेंट यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून सिमेंटचा चिकटवणारा माल वापरायचा असेल तर मध्ये प्रायमरचा हात द्यायचा. जुने लोक प्रायमरऐवजी पातळ केलेला फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक फासायला सांगतात, पण माल बनवणाऱ्या कंपन्या तो वापरू नका म्हणून सांगतात. त्याआधी भिंत 'शुगर सोप'ने धुवायची. नावात साखर आहे, प्रत्यक्षात साखरेचा कणही नाही. फोडणीचा दहा वर्षांचा थर त्याने निघतो आणि मागे हळदीचा पिवळा डाग तेवढा राहतो. तो टाईलखाली गेलेलाच बरा.

एवढं झालं की उरतं ते सॉकेट मोकळं करणं. आणि इथून पुढे गंमत संपते.

विलायती सॉकेटबद्दल आधी थोडं. आपल्याकडचे गोल पिनांचे प्लग मूळ इथलेच, १९३४ च्या बीएस ५४६ या मानकाचे. साहेबाने ते आपल्याला दिले आणि स्वतः १९४७ साली, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, चौकोनी पिनांच्या १३ अँपियरच्या प्लगचं बीएस १३६३ हे नवं मानक काढलं. युद्धानंतर लाखो घरं बांधायची होती आणि तांबं जपून वापरायचं होतं. ज्या समितीने हे ठरवलं तिच्यात कॅरोलीन हॅस्लेट नावाच्या बाई होत्या, समितीतल्या एकमेव. घरात लहान मुलं असतात याची आठवण ठेवणारं हे सॉकेट आहे. अर्थिंगची लांब पिन आधी आत जाते, तीच फेज आणि न्यूट्रलच्या भोकांवरची झाकणं उघडते, आणि प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो. त्याबरोबरच आली ती 'रिंग' पद्धत. फ्यूजपेटीतून निघालेली केबल एकेक सॉकेट करत घरभर फिरते आणि परत पेटीत येते. म्हणून प्रत्येक सॉकेटच्या मागे एक येणारी आणि एक जाणारी, अशा दोन केबल दिसतात.

हे सगळं भिंतीत पुरलेलं असतं. मग भिंतीला भोक पाडणाऱ्याला कसं कळावं की आत काय आहे? त्यासाठी इथे एक नियम आहे आणि मला तो फार आवडतो. ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर केबल पुरायची असेल आणि तिला धातूचं संरक्षण नसेल, तर ती ठरलेल्या पट्ट्यांतूनच न्यायची. भिंतीच्या वरच्या कडेपासून किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यापासून १५० मिलिमीटरच्या आत, नाहीतर भिंतीवर दिसणाऱ्या सॉकेट-बटणापासून सरळ उभी किंवा सरळ आडवी. तिरकी कधीच नाही. म्हणजे सॉकेट दिसलं की त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एक अदृश्य क्रूस आहे असं समजायचं आणि तिथे ड्रिल चालवायचं नाही.

तिरक्याने दहा-पंधरा पौंडांची केबल वाचते. त्याची किंमत काय होते, हे २००४ साली लंडनमध्ये दिसलं. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या खासदार जेनी टाँग यांची मुलगी आपल्याच स्वयंपाकघरात विजेच्या धक्क्याने गेली. भिंतीतून केबल तिरकी नेलेली होती. पळ्या-चमचे अडकवायची धातूची पट्टी भिंतीला लावताना तिचा स्क्रू त्या केबलपर्यंत पोचला होता. त्या घरात बाहेरून बघणाऱ्याला काहीही वावगं दिसलं नसतं. पुढे काही महिन्यांनी, १ जानेवारी २००५ पासून, घरातल्या विजेच्या कामासाठी बिल्डिंग रेग्युलेशन्सचा 'भाग पी' लागू झाला. इंग्लंडमध्ये २०१३ साली त्यातल्या बऱ्याच गोष्टी सैल केल्या आणि स्वयंपाकघरातल्या किरकोळ कामाची आता नोंद करावी लागत नाही. पण केबलने सरळ जायचा नियम होता तसाच आहे.

हे वाचल्यावर मी बायकोकडे बघितलं नाही, कारण आमच्या यादीत टाईलच्या खालोखाल होती ती झारे, पळ्या आणि चिमटा अडकवायची स्टीलची दांडी. गॅसच्या उजव्या हाताला, ओट्यापासून एक फूट उंचीवर.

तर सॉकेट मोकळं करणं. आपल्याकडे टेस्टर म्हणजे तो दिवा असलेला स्क्रू-ड्रायव्हर. तो लागला नाही की वायरमन खुशाल बोटं घालतो. इथे त्या टेस्टरवर कोणी विश्वास ठेवत नाही. पद्धत अशी: दोन टोकांचं व्होल्टेज दाखवणारं यंत्र आधी चालू सॉकेटवर लावून ते चालतंय याची खात्री करायची, मग वीज बंद करून हव्या त्या जागी तपासायचं, मग परत चालू जागी नेऊन यंत्र मध्येच मेलं नाही ना ते बघायचं. आणि एकच बटण पाडून भागत नाही. स्वयंपाकघराच्या एका भिंतीत सॉकेटची रिंग, कुकरची जाड केबल आणि कधी दिव्यांची केबल अशी तीन वेगळी सर्किटं असू शकतात. म्हणून घराचं मुख्य बटणच बंद करायचं आणि कोणी येऊन चालू करू नये म्हणून त्याला कुलूप घालायचं.

प्लेट पुढे आली आणि आत लाल आणि काळी वायर दिसली तेव्हा एकदम घरी आल्यासारखं वाटलं. २००४ ते २००६ च्या दरम्यान इथे भिंतीतल्या वायरींचे रंग बदलून तपकिरी आणि निळे झाले. त्याआधीच्या घरांत आपल्यासारखीच लाल फेज आणि काळा न्यूट्रल. दोन्ही सॉकेटच्या केबल सरळ वरून उतरलेल्या, बघून बरं वाटलं.

राहिली ती एक कोरी प्लेट. गॅसच्या डावीकडे, सॉकेटच्या ओळीपेक्षा वर, भिंतीच्याच रंगात रंगवलेली. ना भोकं, ना बटण. कधीतरी तिथे काहीतरी असणार आणि मागच्या मालकाने ते काढून झाकण बसवलं असणार.

"ही काढून टाक ना," बायको म्हणाली. "आत टेप गुंडाळ आणि वरून टाईल लाव. एवढी सुंदर भिंत आणि मधेच हे काय ठिगळ?"

तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. मलाही ती प्लेट नकोच होती, शिवाय चार काप वाचले असते. पण आत केबलची दोन टोकं जोडलेली दिसली, आणि जोड जिवंत होता. हे प्रकरण माझ्या हद्दीतलं नाही म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. साठीचे गृहस्थ, शब्दांचे कंजूस. त्यांनी केबलचा माग काढणारं यंत्र भिंतीवरून फिरवलं आणि पेन्सिलीने रेघ ओढत गेले. प्लेटपासून रेघ सरळ आडवी उजवीकडे निघाली, गॅसच्या मागून गेली, पुढे हातभर गेल्यावर काटकोनात वळून वर धूर ओढणाऱ्या पंख्याच्या बटणाकडे गेली.

बायकोची दांडी जिथे लागणार होती, त्या पेन्सिलीच्या खुणांच्या बरोबर मधून ती रेघ गेली होती.

इलेक्ट्रिशियन म्हणाले, काम नियमाप्रमाणे आहे. आडवी रेघ प्लेटच्या सरळ रेषेत आहे, उभी पंख्याच्या बटणाच्या. ज्याने केलं त्याने नीट केलं. फक्त ही प्लेट जागेवर राहिली पाहिजे. एकतर स्क्रूने आवळलेला जोड पुढे कधी तपासायला हाताशी लागतो. दुसरं म्हणजे प्लेट गेली तर आडवी केबल इथून जाते हे जगात कोणालाही कळायचा मार्ग उरत नाही.

ते गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ त्या पेन्सिलीच्या रेघेकडे बघत उभे राहिलो. म्हणजे ते ठिगळ नव्हतंच. कोण कुठला माणूस, किती वर्षांपूर्वी, हातभर केबल जास्त खर्चून काटकोनात वळला आणि जाताना 'इथे वीज आहे' एवढं सांगणारी एक पाटी ठेवून गेला. पाटीवर अक्षर नव्हतं, वाचणाऱ्याला ती वाचता यायला हवी होती. आणि मी तिच्यावर टाईल लावली असती तर त्या माणसाची सचोटी आमच्याच भिंतीत गाडली गेली असती. मग आम्ही, किंवा आमच्यानंतर हे घर घेणारं कोणी, दांडी लावायला ड्रिल घेऊन उभं राहिलं असतं.

आपल्याकडे हा भार माणसाच्या आठवणीवर असतो. "मिस्त्रीला विचार, त्याला माहीत आहे." आणि खरंच त्याला माहीत असतं, वीस वर्षांनीही. त्यात एक आपलेपणा आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मिस्त्री गाव सोडतो, म्हातारा होतो, आणि घरं विकली जातात. इथे घर तर दर काही वर्षांनी हात बदलतं. करणारा आणि भोक पाडणारा एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. त्यांच्यात ओळख असते ती एका सरळ रेघेची.

नवा बेत असा ठरला आहे. कोरी प्लेट तिथेच राहील, फक्त जुनी रंगवलेली जाऊन टाईलशी जुळणारी नवी पांढरी प्लेट येईल. स्टीलची दांडी भिंतीला लागणारच नाही. वरच्या कपाटाच्या तळाला, लाकडातच आखूड स्क्रूने बसेल. ही युक्ती बायकोची, आणि त्यात हात पोचायलाही सोपं पडतं असं तिचं म्हणणं. पेन्सिलीची रेघ टाईलखाली जायच्या आधी भिंतीला मोजपट्टी लावून तिचे फोटो काढले आहेत. छापून एक प्रत फ्यूजपेटीच्या कपाटात आतून चिकटवली आहे, दुसरी घराच्या कागदपत्रांत. जाता जाता इलेक्ट्रिशियनने फ्यूजपेटीतली ३० मिलिअँपियरची आरसीडी, आपल्याकडे जिला इएलसीबी म्हणतात ती, वेळेत पडते का तेही तपासून दिलं.

भिंत धुऊन झाली, प्रायमर वाळला, लांब स्क्रू डबीत मोजून ठेवले आहेत. ओटा एका टोकाला तीन मिलिमीटर उतरता निघाला, म्हणून खाली लाकडाची पट्टी लेव्हलमध्ये ठोकली आहे. ती ठोकतानाही खिळ्याच्या प्रत्येक जागेसाठी मी आधी त्या फोटोकडे बघितलं.

काल रात्री बायकोने सगळ्या टाईल न चिकटवता जमिनीवर मांडून बघितल्या आणि प्लेटच्या जागी बशी ठेवली. थोडं लांब जाऊन, मान तिरकी करून पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "भिंतीला तीट."

शनिवारी पहिली टाईल लावायची आहे.